बेलघाट सोडताना

एकोडी, ता. साकोली
१४ जून २०२५

चि. कुंता,

आशीर्वाद. मोबाईलवर तुझं बोलणं मला कळत नाही. मध्ये डिंपलला बसवावं लागतं, आणि सुनेच्या तोंडून बहिणीची खुशाली ऐकणं मला जमत नाही. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, म्हणून पत्र. तूही पत्रच लिही. तुझं अक्षर मीच वळवलं आहे, ते वाया जाऊ देऊ नको.

कामाचं लिहितो. यंदा पाऊस जोराचा आहे असं सगळे सांगून राहिले. वैनगंगेला तुमच्या बेलघाटात घुसायला किती वेळ लागतो हे वीस सालच्या पुरात आपण पाहिलं. तेव्हा तुम्हा दोघांना डोंग्यातून काढलं आणि अंगावरच्या कपड्यानिशी तुम्ही माझ्याकडे आलात. पुन्हा तशी वेळ येईपर्यंत कायले थांबायचं? जून संपायच्या आत तू आणि जावईबुवा इकडे या. दोन्ही म्हशी घेऊन या. आपल्या शेजारच्या भूपेंद्रचा पिकअप आहे, तो पाठवतो. गोठ्यात जागा आहे, चाऱ्याला तणीस भरपूर आहे. पावसाळा सरला की परत जा.

तुझ्या भाच्याच्या, चंद्रकुमारच्या लग्नालाही जावईबुवा आले नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलं. पाच वर्षं झाली, त्यांचा पाय माझ्या उंबऱ्याला लागला नाही. मला हे बरं वाटत नाही.

कोणत्या तारखेला गाडी पाठवू ते कळव.

तुझा दादा
यादोराव


बेलघाट, ता. पवनी
२० जून

दादाले कुंताचा नमस्कार.

तुझं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. मास्तरकी सोडून सात वर्सं झाली तरी तुझं पत्र अजून शाळेतल्या नोटिशीसारखंच येते.

आमचं निघनं होत नाई. धानाचे परे टाकले आहेत, रोपं वीतभर झाले की उपटून बांधीत रोवना. ते सोडून गेलो तर बांधीत काय लावू? आन् गावात कोनीच निघून नाई राहिलं. मांगच्या वर्सी कोतवालानं दवंडी दिली, अर्धं गाव गाठोडे घेऊन आसगावच्या शाळेत जाऊन बसलं, आन् नदी घाटाच्या पायरीवरूनच वापस गेली. गेले त्यांले लोक महिनाभर हासले.

मोनाच्या बाबाचे गुडघे खरंच दुखतेत. वयनीलेबी कंबरेचा त्रास आहे, तिले आमचं आनखी कायले करू लावायचं.

तू काळजी करू नको. पानी चढलं तर दिसते. आमी आंधरे नाई.

तुझी कुंता


एकोडी
२६ जून

चि. कुंता,

तुझं पत्र मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. वाचता वाचता तुझी वहिनी धुरपता मधूनच उठून आत गेली. तिलाही तुमच्या हट्टाचा राग आला असणार. ती बोलत नाही, पण मला समजते.

स्पष्ट लिहितो, राग मानू नको. हे परे, हा गुडघा, ही कंबर सगळं बाजूला ठेव. जावईबुवांना घराचं वेड आहे. वीस सालीही पाणी उतरून घर राहण्याजोगं होत नाही तो ते इथून निघाले. मी हात जोडले, थांबा, घरात गुडघाभर गाळ आहे. त्यांनी पिशवी उचलली आणि फाट्यावर जाऊन एसटीची वाट पाहत उभे राहिले. माझ्या घरी त्यांना काय कमी होतं? गाळातलं घर त्यांना माझ्या घरापेक्षा गोड लागलं. असा माणूस पूर आला तरी चौकट धरून बसेल आणि तू त्याच्यासोबत बुडशील.

तू एकटी ये. ते येतील मागून.

यादोराव


बेलघाट
१ जुलै

दादा,

तुझं पत्र मी ह्यांले वाचून दाखवलं नाई. दोन ओळी सांगितल्या आन् घडी करून ठेवून दिलं. नवऱ्याले टाकून एकटी ये म्हनून लिहते, तू मास्तर होता का कोन होता?

घराचं वेड म्हनते ना, मंग ऐक. वीस सालात पानी पहाटे गोठ्यात आलं. ह्यांनी एक म्हैस सोडली. दुसरीच्या दाव्याची गाठ पान्यानं फुगली होती, ती सुटे ना. हे कमरेइतक्या पान्यात दातानं गाठ सोडवून राहिले होते. डोंगेवाला म्हने, बसता का आमी जाऊ, आनखी लोक आहेत. त्याचं बी खरं होतं. मी ह्यांच्या दंडाले धरून वढलं. डोंगा दूर गेला तवा म्हैस मानेपर्यंत पान्यात होती आन् ह्यांच्याकडेच पाहत होती. हे मले त्याच्याबद्दल कधीच बोलले नाई. पन तवापासून एकच म्हनतेत, डोंग्यात जनावर घेत नाई, आन् जनावर टाकून मी जात नाई.

घर गेलं तर हे रडनार नाई. घर काय, मातीचं आहे.

आता तू म्हनशीन, मी तर म्हशीसाठी गाडीच पाठवतो. हो. पन एकोडीले न येन्याचं दुसरं एक कारन आहे. ते मी लिहत नाई. तू विचारू नको आन् तर्कही करू नको.

माह्यं ठरलं आहे. पानी आलं तर मी ह्यांले सोडून डोंग्यात बसनार नाई. आन् इथं बसून मराची बी मले हौस नाई. तवा ह्या दोन्हीच्या मधून मले रस्ता काढाचा आहे. काढीन.

कुंता


एकोडी
५ जुलै

कुंताबाई,

मी दुसरीपर्यंत शिकली. अक्षर वाईट आहे. डिंपलच्या हातानं लिहून घेतलं असतं पन हे तिच्या हातानं लिहाचं नाई. भूपेंद्र पवनीले भाडं घेऊन चालला, त्याच्या हाती देते.

तुमचे दादा तुमचं पत्र मोठ्यानं वाचतेत. ते म्हनतेत मी रागानं उठली. मी रागानं नाई उठली. तुमी जे कारन लिहत नाई म्हनता ते मले मालूम आहे.

वीस सालात तुमाले इथं येऊन बावीस दिवस झाले होते. मी मांगच्या अंगनात शेजारनीले म्हनली, नदीचं पानी उतरलं, आमचे पाहुने नाई उतरले. जवाईबुवा नळावर हात धूत होते. मी हळू बोलत नाई. बहिऱ्या मानसासंगं बोलू बोलू गळा तसाच झाला. सगळ्या घरानं ऐकलं, तुमच्या दादाले सोडून. जवाईबुवा त्या दिवशी जेवले नाई. मी ताट झाकून ठेवलं आन् दुसऱ्या दिवशी ते म्हशीले टाकलं. तुमी दोघं गाळात गेले, मी फाट्यापर्यंत बी आली नाई.

तवा लॉकडाऊन होता, चंद्रकुमारचं काम सुटलं होतं, घरात भांडनं होते. ते होतं. पन बोलनारी मी होती.

पाच वर्सं मी वाट पाहिली का तुमी भांडसान. तुमी भांडल्या नाई. तुमी भावाले बी नाई सांगितलं. त्याच्याहून भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे वाचून जवाईबुवाले दाखवा. जास्तीचा पाऊस आला का मी सोता गाडी घेऊन येते. तुमी नाई म्हनल्या तरी येते.

धुरपता


(त्याच कागदाच्या पाठीवर)

वयनी, भूपेंद्र चहा पिऊन राहिला, तेवढ्यात लिहते. ह्यांले वाचून दाखवलं. हे उठून गोठ्यात गेले. थोड्या वेळानं येऊन भूपेंद्रले विचारते, गाडीत दोन म्हशी उभ्या रायतीन का. भूपेंद्र म्हने रायतीन. मंग पुन्हा गोठ्यात.

मी काही वचन देत नाई. पन तुमी या.

कुंता


जिल्हा परिषद शाळा, आसगाव
११ जुलै

दादा,

तू तिकडे जिवात जीव नसल्यासारखा बसला असशीन. पयले हे वाच, आमी चौघंबी जित्ते आहो. मी, हे, वयनी आन् भूपेंद्र. म्हशीबी आहेत. टॉवर बंद, लाईट नाई, इकडचा तिकडचा रस्ता पान्याखाली. आमच्या गावचा जागेश्वर उद्या वरच्या रस्त्यानं साकोलीकडे निघनार आहे, त्याच्या हाती हे देते. कसं झालं ते सगळं लिहते, काहून का तुले आल्यावर सांगाचं म्हनलं तर वरडून सांगा लागीन आन् ते माह्याच्यानं होनार नाई.

मंगळवारी सकाळी दहाले वयनी आली. पाऊस असा का भूपेंद्रच्या गाडीचा समोरचा काच दिसत नव्हता. तवरी दवंडी नव्हती. नदी घाटाच्या चौथ्या पायरीवर होती. आमच्या आळीतले चारपाच लोक परसात उभे राहून पाहत होते. एक जन ह्यांले हाक मारून म्हने, भैय्याजी, पानी नाई आलं आन् पाहुनचाराले निघाले का?

मी चहा ठेवत होती. वयनी म्हने, चहा नको, ते कुठं आहेत. हे गोठ्यात होते. दोन्ही म्हशी खुंट्यावरून सोडलेल्या, दावे हातात, आन् हे तनसावर बसलेले. वयनी चिखलातून तशीच आत गेली. मी दाराशी थांबली.

वयनी म्हने, "जवाईबुवा, मी बोलली होती. मोठ्यानं बोलली होती. आता तितक्याच मोठ्यानं म्हनते, चला."

हे खाली पाहत होते. म्हनाले, "किती दिवसासाठी?"

दादा, पाच वर्सांत हे त्या गोष्टीवर पयल्यांदा बोलले.

वयनी म्हने, "दिवस मोजाले मी नाई आली. आमचा रोवना बाकी आहे, मानसं भेटत नाई. तुमी आले तर दोन हात वाढतीन. नाई आले तर मी बी इथंच बसते. पानी आलं का तिघंबी पाहू."

आन् ती खरंच बसली. त्याच तनसावर. तिची कंबर तुले मालूमच आहे, खाली बसली का उठताना आधार लागते. गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मले वाटलं आता मलेच बोला लागते. मी म्हनली, "मोनाचे बाबा, त्या टायमाले मी तुमाले वढून नेलं. आज वढनार नाई. आज पान्याच्या पयले विचारून राहिली. जनावर संगं आहे, रस्ता आहे, दिवस आहे. आता नाई निघालो तर ती आपली चूक, नदीची नाई."

हे उठले. वयनीले हात देऊन उठवलं. मंग म्हनाले, "गाडीत मी मांगं उभा रायतो. म्हशी घाबरतीन."

एवढंच.

मी धानाच्या बियान्याची पिशवी, सातबाऱ्याचे कागद, आन् ह्यांच्या गोळ्या घेतल्या. चूल विझवली. जागेश्वरच्या बायकोले सांगितलं, आमी चाललो, तुमीबी निघा, हासले तर हासू द्या. तिनं माह्याकडे पाहिलं, मंग घरात जाऊन लेकराचे कपडे काढू लागली. आमच्यामांगं सात घरं निघाले दादा. जनावरं सोडून, हाकलत, पायी.

आसगावच्या अलीकडे नाला आहे. त्याच्या रपट्यावर, ठेंगन्या पुलावर, पानी चढाले लागलं होतं. भूपेंद्र म्हने, निघून जाते मावशी, पाय भिजीन एवढंच आहे. मी म्हनली, नाई. पाय भिजनारं पानी मी पाहिलं आहे. गाडी अलीकडेच उंच बांधावर लावली. म्हशी उतरवल्या. बांधाबांधानं वरच्या अंगानं अर्धा कोस फिरून, जिथं नाल्यावर पाटाचा पक्का पूल आहे तिथून गेलो. वयनीनं लहान म्हशीचं दावं धरलं होतं. दोन जागी पडली. हे पुढे, म्हशीच्या गळ्यावर हात ठेवून, तिच्यासंगं बोलत. काय बोलत होते ते पावसात आयकू नाई आलं.

तीन वाजता तो रपटा दिसेनासा झाला. चार वाजता बेलघाटात दवंडी झाली. तवरी आमची आळी पान्यात होती. राहिलेल्या लोकायले डोंग्यानं काढलं, कोनी मेलं नाई, पन जनावरं बांधलेले होते ते गेले. जो ह्यांले पाहुनचार म्हनला होता त्याच्या चार शेळ्या गेल्या. तो काल ह्यांच्याजवळ येऊन बसला. ह्यांनी त्याले तंबाखू देली.

आता वयनीचं सांगते. ती पयल्या दिवशी शाळेच्या खांबाले धरून उभी होती. वल्ल्या पातळानं. आसगावची एक बाई आली, धुतलेलं पातळ तिच्या हातात देलं आन् निघून गेली. नावबी नाई विचारलं. वयनी ते पातळ मांडीवर घेऊन लय वेळ बसली. मले म्हने, "कुंताबाई, हे नेसाले मले जड जाऊन राहिलं." मी म्हनली, "नेसा. वल्लं अंगावर घेऊन कोनाचं भलं होनार नाई." मंग ती नेसली, आन् तवापासून चुलीवरून उठली नाई. पन्नास मानसाचा भात रांधते. ह्यांच्या पानात सोता वाढते. कालपासून हे आनखी मागतेत.

पानी उतरून राहिलं. रस्ता मोकळा झाला का गाडी एकोडीले येईन, आमी सगळे येऊ.

कुंता


बेलघाट
१७ जुलै

चि. कुंता,

तुला एकोडीत ठेवून मी आणि जावईबुवा इथं आलो त्याला आज तीन दिवस झाले. एवढी वर्षं मी तुला बेलघाटाच्या पत्त्यावर लिहिलं. आज बेलघाटाहून तुला लिहून राहिलो.

आधी दुसरं. ज्या सकाळी धुरपता तुमच्याकडे निघाली, त्या सकाळी तिनं माझ्या वहीत चार ओळी लिहून वही माझ्या पुढ्यात ठेवली. मी चष्मा शोधून वाचेपर्यंत गाडी निघून गेली होती. मग चार दिवस तुमची काही खबर नाही. त्या चार दिवसांत मी त्या चार ओळी किती वेळा वाचल्या ते विचारू नको. वीस साली मी तिचं ते अंगणातलं बोलणं ऐकलं नाही हे खरं आहे. पण जावईबुवा जेवले काहून नाहीत, हे मी विचारलंही नव्हतं. विचारायला कान लागत नाहीत. उलट त्यांना घरवेडा म्हणून पत्रात लिहून मोकळा झालो. काल मी त्यांच्यासमोर हे सगळं बोललो. ते म्हणाले, "मास्तर, फावडं घ्या." मी घेतलं.

आता घराचं. पाणी खिडकीच्या वरपर्यंत होतं, भिंतीवर रेघ आहे. मागची भिंत बसली. छपराचे पत्रे आणि चौकटी शाबूत आहेत. गोठा वाहून गेला, नुसते दोन खांब वाकून उभे आहेत. परे गाळाखाली गेले, एकही काडी वर दिसत नाही. तलाठी येऊन पंचनामा करून गेला.

जावईबुवा गोठ्याच्या जागेवर थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं खचतील. पण त्यांनी धोतर खोचलं आणि कामाला लागले. आता अडलं आहे ते एका ठिकाणी. लोक पडलेल्या भिंती पुन्हा उचलायला लागले आहेत. मी विचारलं, आपणही मागची भिंत घ्यायची का? ते म्हणाले, "तिले विचारा. मांगच्या टायमाले मी विचारलं नव्हतं."

तर तुला विचारतो. काय करायचं?

दादा


एकोडी
१९ जुलै

दादाले नमस्कार, आन् हे मोनाच्या बाबालेबी वाचून दाखवजो, मोठ्यानं.

भिंत उचलू नका.

मी इथं चार दिवस हाच विचार केला. बेलघाटात घर ठेवलं तर दर पावसाळ्यात हेच होनार. निघावं का थांबावं. कोनी हासन, कोनी वढन, कोनी गाडी घेऊन येईन. एखाद्या टायमाले गाडी येनार नाई. आपली बांधी नदीकाठी आहे, ते बरं आहे, धान तिथंच होते. पन आपल्याले काही तिथंच झोपाचं नाई. आसगावच्या रस्त्याले आपला बरडाचा तुकडा आहे, जिथं गवताशिवाय काही येत नाई. ह्या पुरात तिथं पानी गेलं नाई, मी येताना पाहिलं. घर तिथं बांधू. पंचनाम्याचं जे येईन ते येईन, नाई आलं तर आहे त्याच पत्र्याखाली कुडाचं घालू. बांधीत जाले पाऊन घंटा चालनं पडीन. ह्यांचे गुडघे म्हनसान तर मी त्यांच्यासंगं हळू चालीन.

चौकटी आन् पत्रे काढून ठेवा. मांगची भिंत बसली, बाकीच्या तीनबी पाडा. चांगल्या विटा येगळ्या रचा.

परे गेले त्याची काळजी करू नका. वयनीनं तुमच्या तलावाखालच्या बांधीतले राखून ठेवले आहेत, तुमचा रोवना कालच झाला. मी बी होती. वयनीची कंबर पाहता मी म्हनली तुमी बांधावर बसा, तर आयकत नाई. बुधवारी भूपेंद्रच्या गाडीत पऱ्ह्याच्या जुड्या घेऊन आमी येतो. मी, वयनी, डिंपल आन् इथल्या चार बाया. दोन दिवसांत बांधी लावून होते.

म्हशी सध्या इथंच राहू द्या. चंद्रकुमार पाहते. घर झालं का नेऊ.

आमी येईपर्यंत एक काम करा. पाऊस चालू असताना बरडावर जाऊन पाहा, पानी कुठं साचते आन् कुठून निघून जाते. जिथं साचत नाई तिथं घराच्या चार खुंट्या ठोकून ठेवा. चुलीची जागा मी आल्यावर दाखवीन.

कुंता